‘मी खंबीर आहे’ म्हटल्याने तोल सावरतो का?

व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर असो, विमा एजंटांचा मेळावा असो किंवा सोसायटीच्या हॉलमधला ‘सकारात्मक विचारां’वरचा रविवारचा कार्यक्रम, एक खेळ हमखास होतो. वक्ते श्रोत्यांमधून कुणाला तरी पुढे बोलावतात आणि हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला सांगतात. “आता मनात म्हणा, मी कमजोर आहे, मला जमणार नाही.” मग दोन बोटांनी मनगट दाबतात आणि हात खाली येतो. “आता म्हणा, मी खंबीर आहे, मला जमतं.” पुन्हा दाबतात. या वेळी हात जागचा हलत नाही आणि टाळ्या पडतात.

दुसरा खेळ कमरेतून वळण्याचा. पावलं जमिनीवर घट्ट, उजवा हात समोर, आणि जमेल तितकं मागे वळायचं. बोट भिंतीवर कुठे पोचलं ते लक्षात ठेवायचं. मग डोळे मिटून ‘मी लवचिक आहे, मी याहून पुढे जाणार आहे’ असं चार-पाच वेळा म्हणायचं आणि पुन्हा वळायचं. बोट चांगलं वीतभर पुढे जातं.

दोन्ही खेळांत जे दिसतं ते खरंच घडतं. हात खरंच खाली येतो, बोट खरंच पुढे जातं. बहुतेक वेळा वक्त्यांचाही त्यावर मनापासून विश्वास असतो, त्यामुळे कुणी फसवतंय असंही म्हणता येत नाही. वाद आहे तो कारणाचा. हे शब्दांमुळे झालं, की शब्द उच्चारले जात असताना आणखी काही घडत होतं?

वळण्याचा खेळ आधी घेऊ, कारण तो घरी दोन मिनिटांत तपासता येतो. एकदा वळा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. मग काहीही चांगलं-वाईट न म्हणता अर्धा मिनिट थांबा, हवं तर सतराचा पाढा म्हणा, आणि पुन्हा वळा. बोट बहुधा पहिल्या खुणेच्या पुढे जाईल. पहिल्या खेपेला आपण जिथे जरा ताण जाणवतो तिथे थांबतो, कारण किती वळायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला भिंतीवर खूण असते आणि तिच्या पुढे जायचं असतं. शिवाय पहिल्या वळण्याने पाठीचे आणि कुशीचे स्नायू थोडे सैलावलेले असतात, आणि ‘इथवर गेलं तरी काही मोडत नाही’ हा निरोप मेंदूला मिळालेला असतो. स्नायू ताणण्यावरच्या प्रयोगांतून दिसलेली एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. थोडा वेळ ताण दिल्यावर आपण जे जास्त वाकतो, त्यात स्नायू लांब होण्याचा वाटा कमी आणि ताण सोसण्याची तयारी वाढण्याचा वाटा मोठा असतो. त्यात दुसऱ्या खेपेला मान आधी वळते, कंबरही नकळत थोडी जास्त फिरते. वीतभर अंतर एवढ्यात भरून निघतं.

फिजिओथेरपिस्टना हे नीट ठाऊक असतं. ‘फंक्शनल रीच टेस्ट’ नावाची एक साधी चाचणी आहे, पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली. भिंतीशी कडेने उभं राहायचं, हात समोर सरळ धरायचा आणि पाऊल न उचलता जितकं पुढे झुकता येईल तितकं झुकायचं. भिंतीवर लावलेल्या पट्टीवर मूठ किती सरकली ते मोजायचं. २५ सेंटिमीटर किंवा जास्त आलं तर चांगलं, १५ च्या आत आलं तर त्या माणसाला पडण्याचा धोका जास्त, असा ढोबळ हिशोब. ही चाचणी सहसा तीनदा घेतात आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी लिहितात. पहिला प्रयत्न सरावाचाच धरायचा, कारण दुसरा त्याहून बरा येणार हे गृहीतच असतं. शिबिरातला वक्ता नेमका हा सरावाचा फरक शब्दांच्या खात्यावर जमा करतो. ‘आधी सकारात्मक म्हणा, मग नकारात्मक’ असा उलटा क्रम त्याने लावलेला मी तरी पाहिलेला नाही.

आता हात दाबण्याचा खेळ. याचं मूळ १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून उपचार करणारे, जॉर्ज गुडहार्ट यांनी सुरू केलेल्या ‘अप्लाइड कायनेसिऑलॉजी’त आहे. स्नायू किती जोराने विरोध करतो यावरून शरीरातला बिघाड ओळखता येतो, असा त्यांचा दावा. पुढे त्यात अन्न, औषधं, विचार, शब्द असं सगळंच येत गेलं.

या चाचणीबद्दल रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. काही कायरोप्रॅक्टर मंडळींनी दाखवलं की जिभेवर ग्लुकोजचा थेंब ठेवला की हात सहज खाली दाबता येतो, फ्रुक्टोजचा ठेवला की येत नाही. त्यांच्या मते पहिली साखर वाईट, दुसरी चांगली. मग बाटल्यांवर फक्त सांकेतिक खुणा ठेवल्या. कोणता थेंब कशाचा हे दाबणाऱ्यालाही माहीत नाही आणि हात धरणाऱ्यालाही नाही. निकाल उघडल्यावर हाताचा आणि साखरेचा काही संबंधच उरला नाही. त्यावर त्यांच्या प्रमुखांनी शांतपणे सांगितलं की म्हणूनच आम्ही अशा आंधळ्या चाचण्या हल्ली घेत नाही, त्या कधी यशस्वीच होत नाहीत!

हसू येतं, पण त्या गृहस्थांचा प्रामाणिकपणा ध्यानात घ्या. त्यांना खरोखरच वाटत होतं की चाचणीत खोट आहे. कारण हात दाबताना आपण जोर कमी-जास्त करतोय हे दाबणाऱ्याला कळतच नाही. अपेक्षेमुळे स्नायूंची नकळत होणारी ही हालचाल विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्ये मांडली आणि तिला ‘आयडिओमोटर’ असं नाव दिलं. त्याच्या आधी, १८३३ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी दोऱ्याला टांगलेल्या लोलकावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोलक ‘आपोआप’ फिरायचा, पण डोळ्यांवर पट्टी बांधली की थांबायचा. टेबलाभोवती बसून आत्मे बोलावण्याची टूम इंग्लंडात आली तेव्हा मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये साधं उपकरण वापरून दाखवलं की टेबल सरकवतात ते बसलेल्यांचेच हात. आपल्याकडे हे सगळं ओळखीचं आहे. प्लँचेटवरची वाटी अशीच सरकते. विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ अशाच हालचालीने उभा राहतो. पाणाडी लबाड असतोच असं नाही, त्याचा हात त्याच्याही नकळत काम करत असतो.

याच खेळाचा तोल घालवणारा एक अवतार आहे आणि त्यात तर शुद्ध पदार्थविज्ञान आहे. तुम्ही पाय जुळवून उभे, हात बाजूला आडवा. समोरचा माणूस तुमचं मनगट खाली दाबतो. त्याने दाब किंचित बाहेरच्या दिशेने, म्हणजे तुमच्या अंगापासून दूर दिला, तर जोराची रेषा तुमच्या पावलांच्या बाहेर पडते आणि तुम्ही त्या बाजूला कलंडता. फार ताकद लागत नाही, दोन बोटं पुरतात. तोच दाब थोडा तुमच्या पावलांच्या दिशेने तिरका दिला, की जोर अंगातून खाली जमिनीत उतरतो आणि तुम्ही जागचे हलत नाही. बघणाऱ्याला दोन्ही वेळा हात ‘खाली’च दाबलेला दिसतो. दिशेतला फरक इतका थोडा असतो की तिसऱ्या रांगेतून तो कळणं शक्यच नाही.

हाच डाव वापरून २०१० च्या आसपास ‘पॉवर बॅलन्स’ नावाचे रबरी पट्टे जगभर खपले. मनगटावर घाला, त्यातला चकचकीत होलोग्राम शरीराशी सुसंवाद साधतो आणि तोल, ताकद, लवचिकता वाढते, असा प्रचार. दुकानात आधी पट्ट्याविना ढकलायचे, मग पट्टा घालून. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला मान्य करावं लागलं की या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेत ४२ खेळाडूंवर खरा पट्टा आणि तसाच दिसणारा साधा पट्टा यांची तुलना झाली. दोन्हींत फरक सापडला नाही. मात्र तोल आणि लवचिकता दुसऱ्या खेपेला सुधारली होती, मग हातात कोणताही पट्टा असो. म्हणजे पुन्हा तोच सराव.

इथवर वाचून ‘शब्दांनी काही होत नाही’ असा निष्कर्ष काढून कुणी उठणार असेल तर जरा थांबा. कारण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तोल हा शरीराच्या एका जागी ठेवलेला गुण नाही. डोळे, आतल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय आणि पावलं-घोटे-सांधे यांतून येणारी जाणीव, या तीन ठिकाणांहून मेंदूकडे सतत माहिती येते. मेंदू तिची गोळाबेरीज करून पायांच्या स्नायूंना बारीक-बारीक हुकूम देतो. स्थिर उभा माणूसही खरं तर सतत थोडा झुलत असतो आणि स्वतःला सावरत असतो. हे बहुतेक काम आपल्या लक्षातही येत नाही. पण लक्ष, भीती आणि अपेक्षा या तीन गोष्टी त्यात ढवळाढवळ करू शकतात, आणि शब्द या तिन्हींपर्यंत पोचतात.

भीतीचं उदाहरण सगळ्यांत ठळक. जमिनीवर आखलेल्या फूटभर रुंद पट्ट्यावरून कुणीही चालतं. तेवढ्याच रुंदीची फळी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर टाकली तर पाय लटपटतात. प्रयोगशाळेत माणसांना तीन मीटरहून उंच मंचाच्या काठावर उभं केल्यावर दिसलं की ती घोटे ताठ करतात आणि त्यांचं झुलणं लहान पण झपझप होतं. ताठ झालेलं शरीर पुढे झुकायलाही तयार नसतं, त्यामुळे हाताचा पल्लाही कमी पडतो. घराघरांत आजी-आजोबांना आपण दिवसभर काय ऐकवतो? “उठू नका, पडाल.” “सावकाश, पडाल हं.” काळजीपोटीच म्हणतो. पण पडण्याची भीती ही स्वतःच पडण्याच्या कारणांत मोडते. भीतीने माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्या आणि पोटऱ्या दुबळ्या होतात, आणि मग तोल खरंच जातो.

अपेक्षेवर गॅब्रिएल वुल्फ आणि रेबेका लूथवेट या संशोधिकांचं काम फार बोलकं आहे. मधोमध टेकू दिलेली, दोन्ही बाजूंना कलणारी एक फळी असते, तिच्यावर उभं राहून ती आडवी ठेवायची. एका प्रयोगात काही जणांना खोटंच सांगितलं की तुमचा गुण सरासरीपेक्षा चांगला आहे, काहींना सांगितलं की कमी आहे. ‘चांगला’ ऐकलेल्यांचा तोल पुढे जास्त सुधारला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात वयस्कर स्त्रियांच्या एका गटाला सुरुवातीला एवढंच सांगितलं की तुमच्यासारख्या हिंडत्या-फिरत्या, अनुभवी बायकांना हे सहसा चांगलं जमतं. दुसऱ्या दिवशी त्या गटाचा तोल दुसऱ्या गटापेक्षा चांगला होता. एका वाक्याचा हा परिणाम! पण बारकावा पाहा. बायका दोन्ही दिवस फळीवर उभ्या राहून सराव करत होत्या. वाक्याने त्या सरावाला हात दिला, त्याची जागा घेतली नाही.

लक्षाची गोष्ट याहून मजेशीर आहे. वुल्फ स्वतः विंडसर्फिंग शिकत होत्या. पाय कुठे, हात कुठे असा विचार केला की वळण फसायचं, फळी कशी कलतेय याकडे लक्ष दिलं की जमायचं. १९९८ साली हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासलं. कलणाऱ्या फळीवर उभ्या असलेल्या काहींना सांगितलं ‘पाय समपातळीत ठेवा’, काहींना सांगितलं ‘फळीवरच्या खुणा समपातळीत ठेवा’. खुणा पायांच्या अगदी पुढ्यातच होत्या, तरी खुणांकडे लक्ष देणाऱ्यांचा तोल चांगला राहिला. स्वतःच्या अवयवांवर पहारा बसवला की आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत अडथळा येतो. वृक्षासनात नजर समोरच्या एका ठिपक्यावर ठेवायला सांगतात, त्याचा फायदा डोळ्यांना स्थिर आधार मिळण्यामुळे आहेच, पण लक्ष घोट्यावरून निघून बाहेर जातं हेही त्यात आलं.

म्हणजे शब्द ‘सकारात्मक’ आहे की नाही यापेक्षा तो लक्ष कुठे नेतो याला तोलाच्या बाबतीत जास्त किंमत आहे. ‘मी खंबीर आहे’ हे वाक्य लक्ष कुठेच नेत नाही. ‘त्या फरशीकडे बघ’ हे फार रूक्ष वाक्य आहे, पण कामाचं आहे.

खेळाडूंनी स्वतःशी बोलण्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. २०११ मध्ये ग्रीक संशोधकांनी ३२ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मध्यम, पण खरा फायदा दिसला. नेमकेपणाच्या कामात ‘काय करायचं’ हे सांगणारे शब्द जास्त उपयोगी, आणि दम व जोर लागतो तिथे हुरूप देणारे, असा या क्षेत्रातला साधारण अनुभव आहे. २०१४ च्या एका प्रयोगात २४ जणांपैकी ज्यांनी दोन आठवडे स्वतःला हुरूप देण्याचा सराव केला, ते व्यायामाच्या सायकलवर थकून थांबेपर्यंत सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. त्यांना कष्टही कमी वाटले. स्नायू तेच होते, थांबायचा निर्णय मात्र उशिरा झाला.

उलट बाजूही आहे. कॅनडातल्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात वाईट असतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं की ते आणखी खट्टू होतात. मनाला न पटणारं वाक्य घोकलं की आतून प्रतिवाद सुरू होतो. आरशापुढे घोषणा देण्याचा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आणि ते पाण्याचं प्रकरण. जपानच्या मासारू इमोटो यांनी पाण्याला चांगले-वाईट शब्द ‘ऐकवून’ त्याच्या बर्फकणांची छायाचित्रं काढली. शरीरात साठ टक्के पाणी, म्हणून शब्दांनी शरीर बदलतं, असं त्यावरून सांगितलं जातं. हजार बर्फकणांतून हवा तो निवडून फोटो काढणं म्हणजे प्रयोग नव्हे, एवढं म्हणून मी पुढे जातो. ‘वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून शुभ बोलावं’ असं आपल्या घरांत पूर्वापार सांगतात. ते वागण्याची रीत म्हणून छानच आहे, त्यासाठी पाण्याला कान फुटायची गरज नाही.

स्वतः तपासायचं असेल तर हे करून बघा. सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या. मनगटात पट्टा अडकवून काट्याने हात सरळ खाली ओढा आणि हात किती किलोला सुटतो ते लिहा. चिठ्ठ्या करा, अर्ध्यांवर ‘जमतं’, अर्ध्यांवर ‘जमत नाही’. हात धरणाऱ्याने चिठ्ठी उचलून शब्द मनातच म्हणायचा, ओढणाऱ्याला दाखवायचा नाही. प्रत्येक खेपेनंतर पुरेशी विश्रांती घ्यायची, नाहीतर खांदा थकेल आणि नंतरचे सगळे आकडे पडतील. दहा-बारा वेळा झाल्यावर चिठ्ठ्या आणि आकडे जुळवा. धरणारा स्वतः जोर कमी-जास्त करू शकतो ही पळवाट यात उरतेच. तरी रंगमंचावरचा ‘आकाशपाताळाचा’ फरक दिसतो का, ते बघाच.

घरात म्हातारं माणूस असेल तर मात्र प्रयोगापेक्षा बोलणं बदलायला घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त. जिन्यावर “पडाल!” असं ओरडण्याऐवजी “आई, कठड्याला धरा, पुढच्या पायरीच्या कडेकडे बघा” म्हणा. फळीवरचा डबा काढताना “वाकू नका” म्हणण्यापेक्षा “बाबा, ओट्याला एक हात लावा आणि मग घ्या” म्हणा. आदल्या आठवड्यापेक्षा चार पावलं जास्त चालले तर तसं बोलून दाखवा, आकड्यासकट. खोटी तारीफ करू नका, ती त्यांना लगेच कळते.

आणि याच्या जोडीला व्यायाम हवाच. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने शंभरावर चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा घरीच राहणाऱ्या वयस्कर माणसांत व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्यात नक्की उपयोगी ठरले ते तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, टाच-चवडा जुळवून सरळ रेषेत चालणं. वर्षभरात दोनदा पडणं झालं असेल तर चष्म्याचा नंबर, बसल्यावरचा आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब, पायांची बधिरता हे तपासून घ्यायला हवं. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जातो, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, डबीत सुट्या ठेवलेल्या गोळ्यांसकट.